गेटवरची चाळीस मिनिटं
(वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं)

फेब्रुवारीच्या अंकात मी १२ तारखेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. लहान मुलांना लढाईत ओढण्याविरुद्ध त्या दिवशी जगभर लाल रंगात बुडवलेल्या हातांचे ठसे उमटवतात, कारण २००२ साली याच तारखेला त्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. सोलापुरात या विषयावर कोण पत्र लिहिणार, असं मला वाटलं होतं. पत्रं आली, आणि पहिलं वाचल्यावर दोन रात्री मला धड झोप लागली नाही. म्हणून यावेळी बरीचशी जागा त्यालाच दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाइन्स भागात राहते. आमच्या अपार्टमेंटमध्ये बारा फ्लॅट आहेत आणि यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय. आमच्याकडे सहा वर्षांपासून एक नेपाळी वॉचमन आहे, वय छत्तीस-सदतीस. बायको चार घरची धुणीभांडी करते, माझ्याकडेही येते. मुलगी आठ वर्षांची, महापालिकेच्या शाळेत जाते. तिघं जिन्याखालच्या खोलीत राहतात. माणूस प्रामाणिक आहे. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते रात्री दोनला आलं तरी मोटर लावायला तो जागा असतो.

तक्रार एकच होती. रोज मुलीला शाळेत सोडायला तो जातो आणि चाळीस मिनिटं गेटवर कुणी नसतं. शाळा दहा मिनिटांवर आहे. मुलगी आत गेली तरी फाटक लागेपर्यंत हा बाहेर उभा. दुपारी शाळा सुटायच्या आधी पुन्हा हजर. 'रिक्षा लावून टाक, पैसे आम्ही देतो' म्हटलं तरी नुसती मान हलवतो.

यंदा गड्ड्याच्या यात्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर होतो. मी आधी खाली आले. मोटरच्या खोलीत हा भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. मुलीला पोटाशी घट्ट धरलेलं आणि एक हात तिच्या तोंडावर. पोर रडत होती. मी हाक मारली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं भांडी घासता घासता सांगितलं, की चौदाव्या वर्षी माओवाद्यांनी त्याला शाळेतून नेलं होतं, त्याच्याकडे बंदूक होती. मी कुणाला बोलले नाही, पण बातमी फुटली आणि सोसायटीच्या ग्रुपवर आली. आता मीटिंग लागली आहे. बारांपैकी सात जण म्हणतात, बहादूरला काढा. धोका आहे का हो? त्यानं माणसं मारली असतील का? एकदा विचारून घेऊ का? आणि सेक्रेटरी म्हणून मी काय करू?

उत्तर : बाई, तुमच्या पत्रात मला आधी तो हात दिसला. लपून बसलेल्या माणसाला आवाज परवडत नाही. बाहेर फुटत होतं ते त्या घटकेला त्यांच्यासाठी दारूकाम नव्हतं, आणि मुलगी रडली तर 'ते' ऐकतील, एवढंच त्यांना कळत होतं. ते तिला वाचवत होते. पोरगी घाबरली हे खरंच, तिच्याबद्दल पुढे सांगते.

आणि शाळेचं फाटक. ज्याला शाळेतून नेलं, त्यानं आपली मुलगी शाळेच्या रिक्षात बसवावी अशी अपेक्षा आपण कशी करायची? त्या चाळीस मिनिटांचं उत्तर पत्र लिहिण्याआधीच तुम्हाला मिळालेलं होतं.

आता थोडं मागचं. नेपाळमधलं माओवाद्यांचं युद्ध फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करारानं थांबलं. तेरा हजारांहून जास्त माणसं मेली. डोंगरातल्या गावांमध्ये माओवाद्यांचे गाण्यानाचाचे कार्यक्रम व्हायचे, भाषणं व्हायची. शाळेतली मुलं मास्तरांसकट जथ्थ्यानं 'राजकीय शिक्षणा'साठी नेली जायची. बरीच काही दिवसांनी परत यायची, काही यायची नाहीत. काही भागांत 'एका घरातून एक जण' अशी सक्ती होती. आपणहून गेलेलीही होती. कुणी घरच्या मारहाणीला कंटाळून, कुणी लग्न टाळायला, कुणी शिवाशिवीचा अपमान नको म्हणून. गेलेल्यांपैकी सगळ्यांच्या हातात बंदूक नव्हती. स्वयंपाक, सामान वाहणं, निरोप पोचवणं, पाळत ठेवणं, जखमींना उचलून नेणं, हीच कामं जास्त. २००७ साली पॅरिसमध्ये अशा मुलांबद्दल जी आंतरराष्ट्रीय तत्त्वं ठरली त्यांत या सगळ्या मुलांना एकाच व्याख्येत घेतलं आहे, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या बाजूनं, माओवादी असल्याच्या संशयावरून सरकारी फौजेनंही मुलांना पकडून कोठडीत ठेवलं.

करारानंतर हे सगळे लढवय्ये छावण्यांत ठेवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकांनी एकेकाची तपासणी केली. १९,६०२ जण सैनिक म्हणून मान्य झाले. ४,००८ जणांना वगळलं, त्यांतले २,९७३ हे २५ मे २००६ या दिवशी अठरा वर्षांच्या आतले होते. म्हणजे मुलं म्हणून त्यांना सोडायचं होतं. ती सुटली कधी, तर जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये. तोवर ती छावणीतच वाढली. मान्य झालेल्यांपैकी ज्यांनी पुढे निवृत्ती घेतली त्यांना पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले. या मुलांना ते नाहीत. त्यांच्यापुढे शिवणकाम, दुरुस्तीची कामं, छोटं दुकान, शाळा असे प्रशिक्षणाचे पर्याय ठेवले. आणि त्यांना नाव काय पडलं, तर 'अयोग्य'. नेपाळीत शब्द तोच, अर्थही तोच. ज्याला चौदाव्या वर्षी उचललं त्याला विसाव्या वर्षी तुम्ही हा शब्द देऊन घरी पाठवता. गावात गेल्यावर शेजारी विचारणार, अयोग्य म्हणजे काय, तू काय केलंस? पुष्कळ जण त्या शब्दापासून लांब जायचं म्हणून आखातात गेले, भारतात आले. तुम्ही लिहिलेलं वय धरलं तर तुमच्या गेटवरचे गृहस्थ त्या २,९७३ मधले असू शकतात. हा माझा अंदाज. त्यांना विचारून खात्री करून घ्यायची नाही.

का विचारायचं नाही ते सांगते. मी तीस वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक नेपाळी मुलगी आली, असेल बावीस-तेवीसची. नवरा चायनीजच्या गाडीवर कामाला. झोप नाही, डोकं दुखतं, एवढीच तक्रार. तिनं खुर्ची उचलून अशी ठेवली की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. बोलता बोलता हातातल्या केसपेपरची घडी घालत होती, घडीवर घडी. मग म्हणाली, 'म्याडम, मैं कॅम्प में थी. छोटी थी.' मला तेव्हा वाटलं, दार उघडलं, आता सगळं बाहेर आलं की मोकळी होईल. मी विचारत गेले. कुठला कॅम्प, किती वर्षं, तिथे काय काय झालं. शेवटी विचारलं, 'किसी को मारना पडा?' ती म्हणाली, 'पानी पीना है.' उठली आणि गेली. खुर्चीवर त्या कागदाची सुपारीएवढी घडी राहिली. मी दोनदा गाडी शोधत गेले, गाडी तिथून हलली होती. तिला बरं करायच्या ऐवजी मी तिची उलटतपासणी घेतली. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

तेव्हा बाई, 'मारलं का' हे तुम्ही विचारू नका आणि दुसऱ्या कुणालाही विचारू देऊ नका. समजा उत्तर 'हो' असलं, तर मीटिंगमध्ये त्याचं काय करणार? पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ जे युद्ध झालं, त्यात मुलांच्या हातून भयंकर गोष्टी घडवल्या गेल्या. तिथल्या विशेष न्यायालयाला पंधरा वर्षांवरच्या मुलांवर खटला चालवायचा अधिकार होता. तरी मुख्य सरकारी वकिलांनी एकाही मुलावर खटला भरला नाही. खटले भरले मुलं भरती करणाऱ्यांवर.

धोक्याबद्दल. फटाक्याच्या आवाजानं शरीर आपोआप जुन्या जागी जातं, ही आजाराची खूण आहे. या आजारात माणूस बहुधा स्वतःलाच खातो. झोप जाते, एकटेपणा येतो, दारू लागते, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. सहा वर्षं तुमच्या चाव्या त्यांच्याकडे आहेत, म्हातारी माणसं रात्री-अपरात्री दवाखान्यात त्यांनी पोचवली असतील. धोक्याचा अंदाज बांधायला या सहा वर्षांपेक्षा भक्कम काय हवं? पुढे कधी ते हिंसक झाले, किंवा मुलीला-बायकोला इजा होते असं दिसलं, तर ती वेगळी बाब, तेव्हा तुम्ही हस्तक्षेप करायचाच. आज तसं काही नाही.

नेपाळमध्ये काही संशोधकांनी १४१ माजी बालसैनिक आणि त्याच वयाची, सैन्यात न गेलेली १४१ मुलं यांची तुलना केली. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सैन्यात गेलेल्या मुलांची मनं जास्त पोळलेली निघाली, मुलींची त्याहून जास्त. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते सिएरा लिओनमधलं काम. थेरेसा बेटनकोर्ट या बाईंनी २००२ पासून तिथल्या त्याच मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. युद्धात काय भोगलं याचा परिणाम राहतोच. परत आल्यावर घरानं आणि गावानं कसं घेतलं, शाळा पुढे चालू राहिली का, यानं मात्र पुढचं पुष्कळ बदललं. ज्यांना टोमणे, बहिष्कार वाट्याला आले त्यांची तब्येत जास्त ढासळली. तुमची मीटिंग मला म्हणूनच मोठी वाटते. गावानं घ्यायचं की नाही, हा प्रश्न नेपाळातल्या रोल्पा किंवा अछाममधून फिरत फिरत तुमच्या पार्किंगमध्ये आलाय.

आता करायचं काय. ग्रुपवरचा मजकूर काढायला लावा. मीटिंगमध्ये त्यांची कहाणी सांगू नका, दया मिळवायला म्हणूनसुद्धा नको. ती त्यांची आहे. बायकोनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं आणि ते फुटलं, याबद्दल तिच्याशी एकदा बोला. मीटिंगचा विषय एवढाच ठेवा, की शाळेच्या वेळेला गेटवर कोण. तुम्ही निवृत्त आहात, आणखी दोन-तीन जण असतील. सकाळचं वर्तमानपत्र गेटवर खुर्ची टाकूनही वाचता येतं.

पुढे लग्नसराई आहे, मग गणपती, दिवाळी. फटाके वाजणार असतील तर त्यांना आधी सांगा. अचानक आलेला आवाज आणि ठाऊक असलेला आवाज यांत फार फरक पडतो. त्या रात्री आतल्या खोलीत पंखा लावून, रेडिओ लावून बसता येईल अशी सोय करा. पुन्हा तसं झालंच तर मागून हात लावू नका, गर्दी करू नका. समोर, जरा लांब बसा. हळू आवाजात सांगा, हे सोलापूर आहे, आज अमुक वार आहे, मी अमुक, मुलगी इथेच आहे. थंड पाण्याचा तांब्या हातात द्या. मुलीला आईकडे द्या. नंतर तिला तिच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवं, की बाबांना आवाजाची भीती वाटते, तुझं काही चुकलं नाही. नाहीतर पोरं सगळं स्वतःवर घेतात. बेटनकोर्ट यांचं काम आता त्या मुलांच्या मुलांपर्यंत पोचलं आहे, ते उगाच नाही.

उपचार आहेत. युगांडात अशा मुलांबरोबर, आयुष्यातलं घडलेलं ओळीनं मांडत जायची एक पद्धत वापरून चांगला गुण आला. पण ते शिकलेल्या माणसाचं काम, तुमचं-माझं नव्हे. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत तुम्ही स्वतः सोबत जा. 'झोप लागत नाही' एवढंच सांगितलं तरी सुरुवात होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट आहे आणि बोलायला हिंदी चालतं.

आणि एक. दोन पानांच्या पत्रात तुम्ही त्यांचं नाव लिहिलेलं नाही. बहादूर हे नाव आपण सोलापुरात गेटवरच्या प्रत्येक नेपाळी माणसाला लावतो. माओवाद्यांच्या फौजेतही भरती झालं की पार्टीचं नवं नाव मिळायचं, घरचं नाव मागे पडायचं. आईनं ठेवलेलं नाव विचारा, आणि पगाराच्या वहीत ते लिहा.

प्रश्न : मी मंगळवेढ्याचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिवरायांनी सोळा-सतराव्या वर्षी तोरणा घेतला. मग नुसतं वय बघून गुन्हा कसा ठरवायचा? मुलं स्वतःहून गेली असली तरी जबरदस्तीच म्हणायची का? आणि असा मुलगा मोठा होऊन स्वतः क्रूर झाला, तर त्याला पीडित म्हणायचं की गुन्हेगार?

उत्तर : बाळा, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सरळ उत्तर देते. शिवबा जिजाऊंच्या नजरेखाली वाढले. शस्त्र शिकले, न्यायनिवाडा शिकले, सोबती स्वतः जोडले. आईपासून त्यांना कुणी पळवून नेलं नव्हतं. सिएरा लिओनमधल्या बंडखोरांनी आणि युगांडात जोसेफ कोनीच्या टोळीनं काय केलं ते बघ. पकडलेल्या मुलाला स्वतःच्याच घरच्यांवर, गावच्यांवर हात उचलायला लावायचे. का, तर त्याला परत जायला तोंड राहू नये. सिएरा लिओनमध्ये वर नशाही द्यायचे. याची स्वराज्याशी तुलना करताना तुझाच हात थांबला पाहिजे. शिवाय त्या काळी लग्नंही आठव्या-दहाव्या वर्षी व्हायची, तो दाखला आपण आज देत नाही.

स्वतःहून जाण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. काँगोतला बंडखोर म्होरक्या थॉमस लुबांगा याला मुलांना लढाईत ओढल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं मार्च २०१२ मध्ये दोषी धरलं, त्या न्यायालयाचा तो पहिलाच निकाल. पंधरा वर्षांखालच्या मुलाची 'संमती' हा बचाव होऊ शकत नाही, असं त्यात म्हटलं. चौदा वर्षांची शिक्षा झाली. मी अगदी सुरुवातीला ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा उल्लेख केला, त्यानुसार बंडखोर गटांना तर अठरा वर्षांखालचं कुणीही घेता येत नाही, ते आपणहून आलं तरी. भारतानं तो २००५ साली मान्य केला.

तिसरा प्रश्न अवघड. डॉमिनिक ऑन्ग्वेन नावाचा मुलगा नऊ वर्षांच्या आसपासचा असताना शाळेच्या वाटेवरून कोनीच्या टोळीनं उचलला. तो मोठा होऊन त्याच टोळीचा सेनानी झाला, आणि त्यानं मुलं पळवली. २०२१ साली त्याच्यावरचे ६१ आरोप सिद्ध झाले, पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. जन्मठेप दिली नाही, यामागे त्याचं बालपण हे मोठं कारण होतं. मला हा निकाल पटतो, आणि तरी त्या वाटेवरच्या पोराचा विचार आला की जीव कळवळतो. दोन्ही खरं आहे. तू एकच उत्तर मागतोस, ते माझ्याकडे नाही.

प्रश्न : मी विड्या वळते, हे शेजारच्या मुलीकडून लिहून घेतेय. माझा पोरगा पंधरा वर्षांचा. नववीत शाळा सोडली. आमच्या पूर्व भागातल्या एका दादाच्या मागे फिरतो. त्यानं मोबाइल दिला, वाढदिवसाला चौकात फलक लावला, तलवारीनं केक कापला. परवा रात्री एक पाकीट कुठंतरी पोचवून आला. आत काय होतं सांगत नाही. तुमचा विषय लढाईचा आहे, माझं पत्र यात बसत नसलं तर फाडून टाका.

उत्तर : ताई, तुमचं पत्र याच विषयात बसतं. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ८३ वं कलम आहे. अतिरेकी गटानं मुलाला वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. त्याच कलमात पुढे म्हटलंय, की कुठल्याही मोठ्या माणसानं मुलाला बेकायदा कामाला लावलं तरी हीच शिक्षा. गुन्हा त्या दादाचा आहे. तुमचं पोर वापरलं जातंय.

मोबाइल फोडू नका. घराबाहेर काढू नका, एक रात्रसुद्धा नको. त्या रात्री तो जाणार कुठं, ते तुम्हाला माहीत आहे. कितीही उशिरा आला तरी भाकरी झाकून ठेवा आणि वाढताना काही विचारू नका. पाकिटाचं मात्र लपवू नका. १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा किंवा बाल कल्याण समितीकडे जा, एकट्या जाऊ नका, मी येते. शाळेत परत जायला लाजत असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्याला आवडेल असं हाताचं काम शोधायलाही मी मदत करीन. 

पत्त्यासाठी संपादकांना फोन करा. दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी घरी असते. पहिल्यांदा तुम्ही एकट्याच या, त्याला ओढून आणू नका. येताना त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. नसला तरी या.